'रिटर्न' : परतायचे, पण कोठे?

(बी. कॉम. भाग २)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला 'रिटर्न' हा शब्द नवा नाही. पुस्तपालनात तो 'खरेदी परत' व 'विक्री परत' या दोन सहाय्यक पुस्तकांच्या रूपाने भेटतो. गुंतवणुकीच्या प्रकरणात तो 'परतावा' होतो आणि आयकराच्या प्रकरणात 'विवरणपत्र'. बँकेतून न वटलेला चेक 'रिटर्न' होऊन आला, की त्याचा आणखी एक अर्थ कळतो. संगणकाला आज्ञा देण्याच्या जवळजवळ प्रत्येक भाषेत हाच शब्द आहे. दिसायला तो इतका साधा आहे, की शिकवणारे दोन मिनिटांत तो सांगून पुढे जातात. परंतु 'इनलाइन फंक्शन' नावाच्या प्रकारात हा साधा शब्द असे वळण घेतो, की चांगल्या जाणकारांचाही हिशेब चुकू शकतो. चूक झाल्यावर यंत्र तक्रारही करत नाही, आणि म्हणून हा विषय समजून घेण्यासारखा आहे. विज्ञान शाखेच्या मित्रांना यातील काही भाग परिचित असेल. वाणिज्य व कला शाखेच्या वाचकांना मात्र तो आपल्या परिचयाच्या वस्तूंवरून सांगण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

एका शब्दात दोन कामे

प्रथम 'फंक्शन' म्हणजे काय ते पाहू. एखादे काम वारंवार करावे लागते, उदाहरणार्थ मुद्दल, दर व मुदत यांवरून व्याज काढणे. ते कसे करायचे हे एकदाच लिहून ठेवायचे आणि त्याला नाव द्यायचे. पुढे गरज पडेल तेव्हा त्या नावाने हाक मारायची. हे नाव दिलेले काम म्हणजे फंक्शन. हाक मारणारा भाग आपले काम थांबवतो, फंक्शन आपले काम करते, आणि 'रिटर्न' ही आज्ञा आली की फंक्शन संपते.

या 'रिटर्न'मध्ये दोन गोष्टी घडतात. एक, उत्तर हाक मारणाऱ्याच्या हाती दिले जाते. दोन, कामाचा ओघ हाक मारलेल्या जागी माघारी जातो. इंग्रजीत या दोन्हींना एकच क्रियापद आहे. आपल्या मराठीत मात्र 'परत देणे' वेगळे आणि 'परतणे' वेगळे. कन्नडमध्येही 'हिंदिरुगु' म्हणजे माघारी येणे आणि 'हिंदिरुगिसु' म्हणजे माघारी देणे, अशी दोन रूपे आहेत. दोन्ही भाषा जाणणाऱ्या विद्यार्थ्याचा येथे थोडा फायदा होतो. शिपायाला पावती आणण्यास पाठवले, तर पावती 'परत देणे' हे एक काम आणि शिपाई 'परतणे' हे दुसरे, हा भेद आपल्याला मुद्दाम शिकावा लागत नाही. पुढील सर्व विवेचनात अडचण आहे ती दुसऱ्या कामाची. काय परत द्यायचे हे बहुधा स्पष्ट असते. परतायचे कोठे, हा खरा प्रश्न आहे.

परतीचा पत्ता

फंक्शन एकच असते, पण त्याला हाक मारणारे अनेक असतात. मग काम संपल्यावर नेमके कोणाकडे जायचे हे त्याला कसे कळावे? हा प्रश्न संगणकाच्या जन्माबरोबरच आला. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात एडसॅक नावाचे यंत्र १९४९ च्या मे महिन्यात प्रथम चालले. त्यावर काम करणाऱ्या डेव्हिड व्हीलर यांनी एक युक्ती काढली. हाक मारणाऱ्याने निघण्यापूर्वी स्वतःच्या जागेचा क्रमांक सोबत द्यायचा. बोलावलेल्या भागाने त्यावरून परतीची आज्ञा तयार करून आपल्या शेवटी बसवायची आणि मग कामाला लागायचे. शेवट आला की ती आज्ञा आपोआप योग्य ठिकाणी नेऊन सोडते. पुढे या युक्तीला 'व्हीलर जंप' असे नाव पडले.

आजच्या यंत्रांत परतीचे पत्ते 'स्टॅक' म्हणजे चळतीत ठेवले जातात. कचेरीतील कारकुनाचे टेबल डोळ्यांसमोर आणावे. एका फायलीचे काम चालू असताना दुसरे तातडीचे काम आले, की तो पहिल्या फायलीत 'ओळ ८ पासून पुढे' अशी चिठ्ठी घालतो आणि तिच्यावर दुसरी फाईल ठेवतो. तिसरे काम आले तर दुसरीतही चिठ्ठी घालून तिसरी वर ठेवतो. वरची फाईल संपली की ती बाजूला होते आणि खालचीतील चिठ्ठी वाचून काम पुढे चालू होते. 'रिटर्न' म्हणजे सर्वांत वरची फाईल मिटवून तिच्या खालच्या फाईलकडे वळणे. हा नियम जोवर पाळला जातो, तोवर गोंधळाला जागा नाही.

बोलावण्याऐवजी उतरवून घेणे

मात्र फाईल चढवणे, चिठ्ठी घालणे, पुन्हा उतरवणे यालाही वेळ लागतो. काम मोठे असेल तर हा वेळ नगण्य ठरतो. पण काम एका ओळीचे असेल आणि ते लाख वेळा करायचे असेल, तर जाण्यायेण्याचाच खर्च कामापेक्षा जास्त होतो. चार आण्यांच्या वस्तूसाठी रिक्षाचे भाडे द्यावे तसा हा प्रकार.

यावर उपाय सरळ आहे. शेजारच्या खोलीतील माणसाला दर वेळी बोलावण्याऐवजी त्याची कामाची पद्धतच आपल्या कागदावर उतरवून घ्यावी. मग जाणेयेणे उरत नाही. संगणकाच्या परिभाषेत यालाच 'इनलाइन' करणे म्हणतात. आपण लिहिलेल्या मजकुराचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा जो 'कंपायलर' असतो, तोच ही नक्कल करतो. कल्पना नवी नाही. व्हीलर यांनी मॉरिस विल्क्स व स्टॅन्ले गिल यांच्यासह १९५१ साली जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यातच हाक मारून वापरायचे 'बंद' उपकार्य आणि जागच्या जागी उतरवून घ्यायचे 'उघडे' उपकार्य असे दोन प्रकार केलेले आहेत.

उतरवून घेण्याची किंमतही द्यावी लागते. पन्नास ठिकाणी हाक असेल तर पन्नास नकला होतात व मजकूर फुगतो. म्हणून लहान कामेच इनलाइन करावीत, असा सर्वसाधारण संकेत आहे.

नक्कल शब्दांची की अर्थाची?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शेजारच्या खोलीतील माणसाच्या कागदावर शेवटची ओळ होती : 'काम संपले, परत जा.' हा कागद जसाच्या तसा आपल्या कागदात उतरवला. आता 'परत जा' ही आज्ञा कोणाला लागू? पूर्वी ती त्या माणसाला होती. आता वाचणारे आपण आहोत. आपण ती शब्दशः पाळली तर आपणच आपले काम अर्धवट टाकून निघून जाऊ!

सी या भाषेत ही गंमत प्रत्यक्ष पाहायला मिळते. तिच्यात 'मॅक्रो' नावाची सोय आहे. मॅक्रो म्हणजे निव्वळ शब्दांची नक्कल, अर्थाशी त्याला कर्तव्य नाही. 'रक्कम शून्य असेल तर रिटर्न' असा मॅक्रो करून तो व्याजाच्या फंक्शनमध्ये वापरला, तर रक्कम शून्य येताच व्याजाचे फंक्शनच संपते. मॅक्रोला स्वतःचे घर नसते, म्हणून त्यातील 'रिटर्न' यजमानाचे घर सोडायला लावतो.

सी व सी प्लस प्लस या भाषांतील इनलाइन फंक्शनची रीत मात्र वेगळी आहे. तेथे कंपायलर शब्दांची नक्कल न करता अर्थाची करतो. उतरवलेल्या भागात 'रिटर्न' दिसला, की त्याचे तो दोन आज्ञांत रूपांतर करतो : उत्तर अमुक जागी ठेव, आणि या उतरवलेल्या भागाच्या शेवटी जा. भागात तीन ठिकाणी 'रिटर्न' असेल तर तिन्ही ठिकाणांहून त्याच शेवटाकडे उडी पडते. तेथून यजमानाचे काम पुढे चालू होते. थोडक्यात, हाक मारली असती तर जे झाले असते, तेच उतरवून घेतल्यावरही होते.

असे असणे आवश्यकही आहे. कारण या भाषांत 'इनलाइन' हा शब्द कंपायलरला केलेली सूचना असते, हुकूम नसतो. फंक्शन मोठे वाटले तर तो सूचना बाजूला ठेवून साधी हाकच ठेवतो. आता, उतरवल्यास एक अर्थ आणि न उतरवल्यास दुसरा, असे झाले असते तर कंपायलरच्या लहरीवर आपले हिशेब अवलंबून राहिले असते. म्हणून नियम असा, की इनलाइनमुळे वेग बदलेल, पण 'रिटर्न'चा अर्थ बदलणार नाही.

कोटलिनचा वेगळा विचार

मग अडचण कोठे आहे? ती कोटलिन या भाषेत येते. ही भाषा जेटब्रेन्स या कंपनीने २०११ साली जाहीर केली आणि तिची पहिली पूर्ण आवृत्ती फेब्रुवारी २०१६ मध्ये निघाली. रशियात सेंट पीटर्सबर्गजवळ कोटलिन नावाचे बेट आहे, त्यावरून तिचे नाव पडले. गूगलने २०१७ साली अँड्रॉइडसाठी तिला अधिकृत मान्यता दिली आणि २०१९ साली नवे काम प्राधान्याने कोटलिनमध्ये करावे असे जाहीर केले. म्हणजे आपल्या खिशातील फोनच्या दृष्टीने ही भाषा दूरची राहिलेली नाही.

कोटलिनमध्ये फंक्शनला आकड्यांप्रमाणे एखादे छोटे कामही देता येते. या नाव नसलेल्या छोट्या कामाला 'लॅम्डा' म्हणतात. उदाहरणार्थ, 'फॉरईच' नावाचे एक तयार फंक्शन आहे. त्याला यादी द्यायची आणि सोबत लॅम्डा द्यायचा. यादीतील प्रत्येकासाठी ते फंक्शन तो लॅम्डा एकेकदा चालवते.

म्हणजे आता पात्रे तीन झाली : आपले मूळ फंक्शन, मधले 'फॉरईच', आणि आपण लिहून दिलेला लॅम्डा. 'फॉरईच' हे इनलाइन आहे. कोटलिनचा कंपायलर त्याचा मजकूर आपल्या फंक्शनमध्ये उतरवतो, आणि त्याच्याबरोबर लॅम्डाचा मजकूरही उतरवतो. येथे इनलाइन ही नुसती सूचना नसून तो नियम आहे. उतरवण्याची खात्री असल्यामुळेच भाषेच्या कर्त्यांना अर्थ ठरवण्याची मोकळीक मिळाली.

त्यांनी ठरवलेले नियम असे. 'फॉरईच'च्या स्वतःच्या मजकुरातील 'रिटर्न' 'फॉरईच'पुरता. यात नवीन काही नाही. परंतु लॅम्डाच्या आत आपण नुसता 'रिटर्न' लिहिला, तर तो लॅम्डापुरता नाही, 'फॉरईच'पुरताही नाही. तो ज्या नाव असलेल्या फंक्शनमध्ये आपण हे सारे लिहिले, ते मूळ फंक्शनच संपवतो. एका उडीत तिन्ही पात्रे रंगमंचाबाहेर! याला 'नॉन-लोकल रिटर्न' म्हणजे दूरचा परतावा म्हणतात.

हे विचित्र वाटले तरी त्यामागे कारण आहे. साध्या 'फॉर' या फेऱ्यांच्या आज्ञेत 'रिटर्न' लिहिला तर मूळ फंक्शन संपते, हे सर्वांना माहीत असते. 'फॉरईच' हे दिसायला व वापरायला त्या 'फॉर'सारखेच वाटावे अशी कर्त्यांची इच्छा होती, म्हणून तोच अर्थ येथेही ठेवला. मात्र जावा या भाषेत २०१४ साली लॅम्डा आले तेव्हा उलटा निर्णय झाला. तेथे लॅम्डातील 'रिटर्न' फक्त लॅम्डा संपवतो. जावा शिकून कोटलिनकडे येणारा विद्यार्थी नेमका येथे फसतो. शब्द तोच, जागा तीच, अर्थ मात्र दुसरा.

हातोदच्या यादीचे उदाहरण

प्रत्यक्ष आकड्यांशिवाय वाणिज्यवाल्याचे समाधान होत नाही, म्हणून एक कल्पित उदाहरण घेते. माझे आजोळ इंदूर जिल्ह्यातील हातोदकडचे. होळकरांच्या काळापासून इंदूरच्या परिसरात मराठी घराणी नांदत आली आहेत. घरात मराठी आणि बाजारात माळवी-हिंदी हा तेथील रिवाज. माळव्याची जमीन काळी, पावसाळ्यात सोयाबीन व हिवाळ्यात गहू-हरभरा. अशा भागात सोयाबीन खरेदी करणाऱ्या एका व्यापाऱ्याने हिशेबासाठी लहानसा प्रोग्राम करून घेतला आहे, असे समजू. दर क्विंटलला ४,५०० रुपये धरू. दिवसाची यादी अशी :

पहिला शेतकरी : १२ क्विंटल
दुसरा शेतकरी : ० (नाव नोंदवले, गाडीचा तौल अजून व्हायचा आहे)
तिसरा शेतकरी : २० क्विंटल
चौथा शेतकरी : ८ क्विंटल

प्रोग्राममधील फंक्शनचे नाव 'भुगतान'. त्यातील आज्ञा मराठीत लिहिल्या तर अशा होतील :

१. एकूण = ०
२. यादीवर फॉरईच चालवा. प्रत्येक शेतकऱ्यासाठी :
   (अ) वजन ० असेल तर रिटर्न
   (आ) रक्कम = वजन × ४,५००
   (इ) पावती छापा
   (ई) एकूणमध्ये रक्कम मिळवा
३. एकूण छापा

लिहिणाऱ्याचा हेतू उघड आहे. ज्याचा तौल झाला नाही त्याला वगळायचे आणि पुढच्याकडे जायचे. तसे झाले तर ५४,०००, ९०,००० व ३६,००० अशा तीन पावत्या निघून एकूण १,८०,००० रुपये छापले जातील.

प्रत्यक्षात काय होईल? पहिल्या शेतकऱ्याची ५४,००० ची पावती निघेल. दुसऱ्याचे वजन शून्य म्हणून (अ) मधील 'रिटर्न' लागू होईल, आणि हा 'रिटर्न' लॅम्डाचा नसून 'भुगतान' या मूळ फंक्शनचा असल्यामुळे सारे काम तेथेच संपेल. तिसरा व चौथा यांच्याकडे यंत्र वळणारच नाही. तिसरी आज्ञाही चालणार नाही, म्हणजे एकूण छापलीच जाणार नाही. १,२६,००० रुपयांच्या दोन पावत्या हवेत विरून जातील. यंत्र लाल दिवा लावणार नाही की चुकीचा संदेश देणार नाही. त्याच्या दृष्टीने त्याने सांगितलेले काम चोख केले आहे.

यातील खरा धोका असा, की ज्या दिवशी सर्वांचा तौल झालेला असेल त्या दिवशी हाच प्रोग्राम अचूक चालतो. आठ दिवस नीट चाललेल्या प्रोग्रामवर व्यापाऱ्याचा विश्वास बसतो. नवव्या दिवशी एक गाडी रांगेत मागे राहते आणि वीस क्विंटल माल घालणारा शेतकरी पावतीशिवाय ताटकळत बसतो. पेरणीचे देणे, खताचे देणे, लेकीचे शिक्षण, असे काहीतरी त्या पावतीवर अवलंबून असते. एका शब्दाच्या अर्थाचा प्रश्न म्हणून जो विषय आपण वर्गात सोडून देतो, त्याची झळ अशी भलत्यालाच लागते.

उपाय : परतीचा पत्ता लिहून देणे

उपाय भाषेतच दिलेला आहे. 'रिटर्न' या शब्दाला 'ॲट' चिन्ह जोडून पुढे नाव लिहायचे : रिटर्न@फॉरईच. याचा अर्थ, 'फॉरईच'ला दिलेला लॅम्डा या फेरीपुरता संपव. मूळ फंक्शन तसेच चालू राहते आणि 'फॉरईच' पुढच्या शेतकऱ्याकडे वळते. या जोडलेल्या नावाला 'लेबल' म्हणतात. पाकिटावर पत्ता लिहावा तसाच हा प्रकार आहे. वरील उदाहरणात (अ) मध्ये एवढाच बदल केला की तिन्ही पावत्या निघतात आणि एकूण १,८०,००० येते.

दुसरा मार्ग म्हणजे लॅम्डाऐवजी 'फन' हा शब्द लिहून निनावी फंक्शन देणे. त्यातील 'रिटर्न' त्याच्यापुरताच असतो. तिसरा मार्ग सर्वांत साधा : फॉरईच न वापरता नेहमीचे 'फॉर' वापरावे आणि वगळण्यासाठी 'कंटिन्यू' ही आज्ञा लिहावी. फॉरईचसारख्या इनलाइन फंक्शनच्या लॅम्डात 'ब्रेक' व 'कंटिन्यू' या आज्ञा पूर्वी बाहेरच्या फेऱ्यांसाठी वापरता येत नसत. जून २०२५ मध्ये निघालेल्या कोटलिन २.२ पासून ती सोय पक्की झाली आहे. मात्र या आज्ञा बाहेरच्या खऱ्या 'फॉर' किंवा 'व्हाइल' फेऱ्यांना लागू होतात, 'फॉरईच'च्या फेरीला नाही, हे ध्यानात ठेवावे.

येथे कोणी म्हणेल, 'कंपायलर चूक पकडत नाही काय?' कधी पकडतो, कधी नाही. मूळ फंक्शनने आकडा परत द्यायचा असेल आणि लॅम्डात आपण 'रिटर्न होय' असे लिहिले, तर प्रकार जुळत नाहीत म्हणून तो अडवतो. पण समजा, मूळ फंक्शनचे उत्तर 'होय-नाही' आहे आणि यादी गाळणाऱ्या 'फिल्टर'च्या लॅम्डाचे उत्तरही 'होय-नाही'च आहे. तेथे लॅम्डातील 'रिटर्न होय' बिनतक्रार मंजूर होतो, आणि पहिल्याच नावाला मूळ फंक्शन 'होय' म्हणून मोकळे होते. आपल्या तेरजेसारखेच हे आहे. दोन्ही बाजू जुळल्या म्हणजे एकही चूक नाही असे सिद्ध होत नाही, हे आपण पहिल्या वर्षीच शिकतो.

परतायला घर हवे

कोटलिनने हा दूरचा परतावा फक्त इनलाइन फंक्शनलाच का दिला, हाही विचार करण्यासारखा प्रश्न आहे. साध्या फंक्शनला दिलेल्या लॅम्डात नुसता 'रिटर्न' लिहिला तर कंपायलर तो नाकारतो.

कारण असे. साधे फंक्शन तो लॅम्डा जपून ठेवू शकते आणि तासाभराने चालवू शकते, उदाहरणार्थ कोणी बटण दाबल्यावर. तोपर्यंत मूळ फंक्शन कधीच संपलेले असते. त्याची फाईल टेबलावरून उठलेली असते. मग 'मूळ फंक्शनमधून परत जा' या आज्ञेला अर्थच उरत नाही. स्मॉलटॉक या जुन्या भाषेत अशा लॅम्डासारख्या तुकड्यातून मूळ कामाच्या बाहेर परतण्याची मुभा होती. पण मूळ काम आधीच संपले असेल तर यंत्र ऐन वेळी 'परतता येत नाही' अशी तक्रार करते. रुबी भाषेतील 'प्रॉक' या प्रकारातही असेच होते. कोटलिनने ही अडचण चालू कामात न येऊ देता लिहितानाच मिटवली. लॅम्डा उतरवला जाणार असेल तर तो मूळ फंक्शनच्या आतच चालणार, म्हणजे घर उभे असणार, म्हणून परतावा मंजूर. खात्री नसेल तर नामंजूर.

यासाठी आणखी दोन शब्द आहेत. इनलाइन फंक्शनला दिलेला एखादा लॅम्डा उतरवायचाच नसेल तर त्याला 'नोइनलाइन' असे लिहितात. लॅम्डा उतरवायचा आहे, पण तो आत दुसऱ्या एखाद्या वस्तूत घालून वेगळ्या वेळी वा वेगळ्या ठिकाणी चालवायचा आहे, असे असेल तर 'क्रॉसइनलाइन' लिहावे लागते. दोन्ही प्रकारांत नुसता 'रिटर्न' निषिद्ध आहे. लेबल लावलेला मात्र चालतो.

तिजोरी उघडी राहू नये

इनलाइन फंक्शन लिहिणाऱ्यावरही एक जबाबदारी येते. समजा, फंक्शनचे काम असे आहे : तिजोरी उघड, दिलेला लॅम्डा चालव, तिजोरी बंद कर. लॅम्डात नुसता 'रिटर्न' आला तर ओघ मूळ फंक्शनच्याही बाहेर जातो आणि तिसरी पायरी राहूनच जाते. तिजोरी उघडी! यासाठी 'ट्राय-फायनली' नावाची रचना आहे. 'फायनली'मध्ये लिहिलेली आज्ञा कोणत्याही वाटेने बाहेर पडले तरी चालतेच. म्हणूनच फाईल उघडून काम झाल्यावर ती बंद करणारे 'यूज' हे कोटलिनचे तयार फंक्शन दूरचा परतावा आला तरी फाईल बंद करते. कॅशियरने अर्ध्या दिवसाची रजा घेतली तरी किल्ली जमा करूनच जावे, असा हा नियम आहे.

वेळेपूर्वी बाहेर पडण्याचे परिणाम किती दूरवर जातात याचे एक गाजलेले उदाहरण ॲपल कंपनीचे आहे. ते इनलाइनचे नव्हे, पण त्याच्या नात्यातले आहे. फोनचा पलीकडच्या संगणकाशी होणारा संवाद सुरक्षित आहे की नाही, हे तपासणाऱ्या एका फंक्शनमध्ये 'गोटू फेल' म्हणजे 'शेवटी जा' ही ओळ चुकून लागोपाठ दोनदा पडली. पहिली ओळ अटीला बांधलेली होती, दुसरी मोकळी. परिणामी शेवटची महत्त्वाची तपासणी कधीच होत नसे, आणि फंक्शन मात्र 'सर्व ठीक' असे उत्तर परत देत असे. फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनीला तातडीने दुरुस्ती काढावी लागली. हिशेब तपासनीसाने निम्मे प्रमाणक पाहून 'बरोबर आहे' असा शेरा मारावा, तसेच ते घडले होते.

समारोप

सारांश, इनलाइन फंक्शनमध्ये 'रिटर्न' दिसला की तीन प्रश्न विचारावेत. हा 'रिटर्न' कोणाच्या मजकुरात लिहिला आहे, फंक्शनच्या स्वतःच्या की दिलेल्या लॅम्डाच्या? त्याला लेबल आहे की नाही? आणि तो लागू झाला तर पुढच्या कोणत्या ओळी चालायच्या राहतील? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून पाहावे. त्यासाठी नेहमीच्या नोंदींबरोबर एक शून्याची नोंद, एक रिकामी यादी आणि एक अपुरी नोंद मुद्दाम घालून प्रोग्राम चालवावा. हातोदच्या उदाहरणातील चूक अशा एका चाचणीत पाच मिनिटांत उघडी पडली असती.

ही सवय वाणिज्याच्या विद्यार्थ्याला परकी नाही. नोंद कोणत्या खात्याला जाते हे पाहिल्याशिवाय आपण रोजकीर्दीतून खातेवहीत खतावणी करत नाही. तेवढीच काळजी 'रिटर्न' लिहिताना घ्यायची आहे. येत्या काळात आपल्यापैकी अनेकांचे हिशेब यंत्रेच करणार आहेत, आणि ते तपासण्याचे काम आपल्याकडे राहणार आहे. यंत्राने उत्तर दिले म्हणून ते पूर्ण झाले असे न समजता, ते यादीच्या शेवटापर्यंत पोहोचून परतले की मध्येच, एवढे विचारण्याची सवय जरी या लेखाने कोणा वाचकाला लागली, तरी लेखनाचा हेतू सफल झाला असे मी समजेन.